आर्सेनलला नाही म्हणणारा डॉक्टर, आणि आपण सांगतो ती अर्धी गोष्ट

वर्षातून एकदोनदा ती पोस्ट फिरत फिरत माझ्याकडं येतेच. जुना काळापांढरा फोटो, खाली चार ओळी. स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल संघाचा कॅप्टन. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबनं बोलावलं. यानं नाही म्हटलं, कारण याला डॉक्टर व्हायचं होतं. शेवटी हात जोडलेली चिन्हं आणि 'सलाम'. परवा पुन्हा आली. या वेळी पाठवणाऱ्या पालकांनी खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं : 'मुलांना दाखवा. खेळ कधी थांबवायचा हे याला त्या काळात कळलं होतं.'

पोस्ट खोटी नाही. माणूस खरा आहे आणि मोठा आहे. पण ते खालचं वाक्य मला खटकलं, म्हणून हे लांबलचक लिहितोय. मी क्रीडाशिक्षक आहे. कोल्हापुरात पंचवीस वर्षं पोरांना फुटबॉल खेळवतोय. आठवी-नववीतून मैदान सोडून जाणारी मुलं मी दर जूनमध्ये बघतो. त्यांना मैदानावरून उठवताना जर या माणसाचं नाव वापरलं जात असेल, तर त्याची पूर्ण गोष्ट सांगायला पाहिजे. कारण पूर्ण गोष्ट त्या वाक्याच्या बरोब्बर उलट जाते.

तर हे डॉ. तालिमेरेन आओ. सगळीकडं टी. आओ म्हणून ओळखले जातात. जन्म १९१८ चा, चांगकी गावचा. आजच्या नागालँडमधल्या मोकोकचुंग जिल्ह्यात हे गाव आहे. तेव्हा नागालँड नव्हतं, आसामचा नागा हिल्स जिल्हा होता. वडील ख्रिस्ती धर्मगुरू. १९३५ मध्ये वडील टायफॉइडनं गेले. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. पोरानं डॉक्टर व्हावं आणि आपल्या नागा लोकांची सेवा करावी, ही वडिलांची इच्छा होती. ज्या भागात टायफॉइडनं माणूस दगावतो आणि जवळ धड दवाखाना नाही, तिथल्या बापाची ही इच्छा. तिला वजन आहे. आपल्याकडच्या 'डॉक्टर हो, सेटल होशील' या वाक्याशी तिची गल्लत करू नका.

मुलगा गुवाहाटीला कॉटन कॉलेजात आला. तिथं महाराणा क्लबकडून खेळला. मग १९४२ मध्ये कलकत्त्याला कारमायकेल मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश घेतला. हेच कॉलेज १९४८ पासून आर. जी. कर मेडिकल कॉलेज या नावानं ओळखलं जातं. ते नाव आपण अलीकडं फार वाईट कारणानं ऐकलं, पण त्याच कॉलेजातून हा माणूस डॉक्टर झाला हेही लक्षात असू द्या.

आता इथं नीट लक्ष द्या. मेडिकलला प्रवेश घेतल्यावर त्यांनी फुटबॉल सोडला नाही. १९४३ पासून ते मोहन बागानकडून खेळायला लागले. मोहन बागान म्हणजे ज्यांनी १९११ मध्ये अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती, तो क्लब. त्याच्याकडून खेळणं म्हणजे सुट्टीच्या दिवशी चेंडू लाथाडणं नव्हे. लीग, शील्ड, पावसाळ्यातल्या चिखलातले सामने, हजारोंची गर्दी. हाफबॅकची जागा, म्हणजे बचावही बघायचा आणि चेंडू पुढंही पोचवायचा. पुढं ते त्या क्लबचे कॅप्टन झाले. आणि हे सगळं करताना सकाळी मेडिकल कॉलेज.

कलकत्ता तेव्हा कुठल्या अवस्थेत होतं तेही आठवा. १९४२ मध्ये युद्धाची भीती आणि जपानी बॉम्ब. १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ, रस्त्यावर माणसं मरत होती. १९४६ मध्ये दंगली. १९४७ मध्ये फाळणी. असल्या शहरात परक्या मुलखातला एक नागा मुलगा शरीरशास्त्राची पुस्तकंही वाचत होता आणि मोहन बागानच्या मध्यफळीतही उभा होता.

एमबीबीएस पूर्ण झालं १९५० मध्ये. १९४२ ते १९५०. आठ वर्षं.

ही आठ वर्षं कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतात. तिथं वाचताना असं वाटतं की एका सकाळी दोन कागद समोर होते, एक आर्सेनलचा आणि एक मेडिकलचा, आणि त्यांनी मेडिकलचा उचलला. तसं नव्हतं. दोन्ही कागद त्यांनी वर्षानुवर्षं हातात धरले होते. चोविसाव्या वर्षी मेडिकलला गेले, तिसाव्या वर्षी देशाचे कॅप्टन म्हणून लंडनला गेले, बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर झाले. आपल्याकडं बारावीनंतर एक वर्ष 'ड्रॉप' घेतला तरी घरात सुतक असल्यासारखं वातावरण असतं. त्या हिशेबानं टी. आओ म्हणजे वाया गेलेला मुलगा!

लंडनची गोष्टही थोडी सांगतो, कारण आपल्या कोल्हापूरचा धागा तिथं आहे.

२९ जुलै १९४८. वेम्बली स्टेडियम. स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक पथक मैदानात उतरलं तेव्हा तिरंगा टी. आओ यांच्या हातात होता. स्वातंत्र्य मिळून एक वर्षही झालं नव्हतं. दोनच दिवसांनी, ३१ जुलैला, लंडनजवळ इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, काहींच्या पायाला नुसत्या पट्ट्या. फ्रान्सनं पहिला गोल केला, दुसऱ्या हाफमध्ये सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या. सामना संपता संपता फ्रान्सनं दुसरा गोल मारला आणि आपण २-१ नं हरलो. पण इंग्लंडच्या लोकांनी त्या अनवाणी पोरांना डोक्यावर घेतलं. तुम्ही बूट का घालत नाही, असं विचारल्यावर आओंनी मिस्कीलपणे सांगितलं म्हणतात, की आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही खेळता तो बूटबॉल. शंभर शब्दांत झालं नसतं ते एका शब्दात झालं.

याच ऑलिंपिकला आपले खाशाबा जाधव होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे, राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च उचलला होता. मॅटवरच्या कुस्तीची सवय नसताना खाशाबांनी तिथं सहावा नंबर काढला. चार वर्षांनी हेलसिंकीला ब्राँझ मेडल आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्या वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. खाशाबांकडं मी पुढं परत येणार आहे.

आर्सेनलनं आओंना बोलावल्याची गोष्ट याच दौऱ्यातली सांगतात. इथं एक हिशेब करू. तेव्हा आओ तीस वर्षांचे होते. आज फुटबॉलमध्ये तिशी म्हणजे उतरणीचा रस्ता, तेव्हा तर त्याहून जास्त. आणि पैशाचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूच्या पगाराला लीगच्या नियमानं कमाल मर्यादा होती. कितीही मोठा खेळाडू असो, आठवड्याला साधारण १२ पौंडांच्या वर मिळायचे नाहीत. ही मर्यादा उठली १९६१ मध्ये. म्हणजे आजच्या प्रीमियर लीगचे कोट्यवधी रुपये डोळ्यांसमोर आणून 'एवढ्या पैशावर पाणी सोडलं' म्हणायचं असेल, तर ते चूक आहे. त्यांनी पैशावर पाणी सोडलं म्हणून ते मोठे नाहीत. नकारानंतर ते काय करायला गेले, त्यासाठी ते मोठे आहेत.

ते परत गेले. डॉक्टर झाल्यावर आधी दिब्रुगडला काम केलं. १९५३ मध्ये कोहिमाच्या सिव्हिल हॉस्पिटलात रुजू झाले. कोहिमा म्हणजे दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या लढाईत भुईसपाट झालेलं गाव. आणि १९५० चं दशक म्हणजे नागा टेकड्यांतला संघर्ष पेटण्याचा काळ. लष्कर आलं, १९५८ मध्ये लष्कराला विशेषाधिकार देणारा कायदा आला. अशा ठिकाणी सरकारी डॉक्टर म्हणून राहायचं, म्हणजे काय असेल ते आपण इथं बसून फक्त कल्पना करायची. कलकत्त्यात मोहन बागानच्या माजी कॅप्टनला, तेही डॉक्टर असलेल्या, काय कमी होतं? दवाखाना काढला असता तर पाटी वाचूनच लोकांची रांग लागली असती. पण ते घाटात परत गेले. १९६३ मध्ये नागालँड वेगळं राज्य झालं. ते त्या राज्याचे आरोग्य संचालक झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. १९९८ मध्ये वारले. २००९ पासून ईशान्येकडच्या राज्यांसाठी त्यांच्या नावानं स्पर्धा सुरू झाली, जन्मशताब्दीला २०१८ मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं. उशिरा का होईना, आठवण झाली.

ही झाली पूर्ण गोष्ट. आता सांगा, यातून 'नववीत मैदान सोड' हे कुठून निघतं?

माझ्या मते यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, त्यांनी खेळ अर्धवट सोडला नाही. देशाचा कॅप्टन होईपर्यंत खेळले, मग थांबले. दुसरी, वेळ लागला तर लागू दिला. सहाच्या जागी आठ वर्षं लागली, पण डॉक्टर व्हायचं ते झालेच. आणि तिसरी, डॉक्टरकी त्यांनी कशासाठी केली हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण या तिन्ही गोष्टी वगळतो आणि 'खेळ सोडला, डॉक्टर झाला' एवढंच पोराच्या हातात देतो.

आता इथली परिस्थिती सांगतो.

माझ्याकडं एक गोलकीपर मुलगी होती. नाव सांगत नाही. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून यायची. हात लांब, डोकं थंड, बॅकलाइनला ओरडून जागेवर उभी करायची. जिल्ह्याला खेळली, विभागाला खेळली. अभ्यासातही हुशार, आणि तिला खरंच डॉक्टर व्हायचं होतं, कुणी लादलं नव्हतं. आठवी संपली आणि तिला फाउंडेशन बॅचला घातलं. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट. आई भेटायला आल्या, भल्या बाई, हात जोडून म्हणाल्या, "सर, आत्ता चार वर्षं जाऊ द्या. बारावी झाली की खेळंल की परत." मी काय बोलणार? पंचवीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय याची गणती नाही. आणि बारावीनंतर परत आलेलं पोर एकही नाही. एकही.

मला त्या माउलीचा राग नाही, हे आधी सांगतो. ती जे बघते ते खरं आहे. देशभरातून वीस लाखांहून जास्त मुलं नीटला बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या सरकारी, म्हणजे आपल्याला परवडणाऱ्या, निम्म्याच्या जवळपास. ७२० पैकी एका मार्कानं हजारो नंबर मागं जातात. तिथं रोजचे दोन तास मैदानावर घालवणं कुठल्या आईला परवडेल? आपल्या राज्यात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, चांगलं आहे. पण नीटच्या रँकला त्यांचा उपयोग शून्य. तमिळनाडूत एमबीबीएसच्या काही जागा खेळाडूंसाठी राखून ठेवतात. मोजक्याच आहेत, पण तिथल्या पोराला निदान एक फट तरी दिसते.

आणि फुटबॉलच्या बाजूनं तरी तिला काय दिसतं? आपला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तेव्हा अख्खं कोल्हापूर टीव्हीसमोर होतं. पण प्रत्येक पेठेतल्या प्रत्येक पोराचा अनिकेत होत नाही. आणि २०२५ मध्ये काय झालं बघा. देशातली सगळ्यात मोठी लीग कराराच्या घोळात अडकली, ठरल्या वेळी सुरूच झाली नाही, क्लबांनी पगार रोखले. देशाकडून खेळणाऱ्यांवर ही वेळ, तर आमच्या गल्लीतल्या पोरानं कुणाच्या भरवशावर पुस्तक मिटायचं?

म्हणून खाशाबांकडं परत येतो. ऑलिंपिक पदक आणलेला माणूस. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले, तेव्हा कुठं पोटाची सोय झाली. आयुष्यभर सन्मानासाठी वाट बघितली. १९८४ मध्ये अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कितीतरी वर्षांनी. त्याच ऑलिंपिकला गेलेली दोन माणसं, एकाच्या हातात खेळाबरोबर डॉक्टरकी होती, दुसऱ्याच्या हातात फक्त खेळ. खेळाडूच्या हातात दुसरं काहीतरी असलंच पाहिजे, हे मी माझ्या प्रत्येक पोराला सांगतो. पुस्तक बाजूला ठेव असं मी आजपर्यंत कुणाला म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

पण 'दुसरं काहीतरी हवं' आणि 'पहिलं टाकून दे' यात फरक आहे ना?

जगात दुसरीकडं हे जमतं का, असं कुणी विचारेल. जमतं. ब्राझीलचा सॉक्रेटिस, १९८२ च्या वर्ल्ड कपचा त्यांचा कॅप्टन, खेळता खेळता मेडिकलची पदवी घेऊन बसला होता. निवृत्तीनंतर आपल्या गावी डॉक्टरकीही केली. कॅनडाचा लॉरां दुव्हर्ने-तार्दीफ तिकडच्या अमेरिकन फुटबॉलमधला, म्हणजे हातानं चेंडू घेऊन पळायच्या. तो खेळत असतानाच २०१८ मध्ये डॉक्टर झाला, फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या संघानं तिथली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली, आणि कोविड आल्यावर एक अख्खा हंगाम सोडून माँट्रियलजवळच्या वृद्धांच्या केंद्रात कामाला गेला. त्याच्या विद्यापीठानं त्याला अभ्यास तुकड्या-तुकड्यांत, हंगाम सांभाळून करू दिला, म्हणून ते जमलं. आपल्याकडं गोव्यात जन्मलेले व्हेस पेस. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला हॉकीचं ब्राँझ, आणि पुढं खेळाडूंचे डॉक्टर म्हणून देशभर नाव. ही काही आकाशातून पडलेली माणसं नव्हेत. यांच्यात हुशारी होती हे खरंच, पण कुणीतरी त्यांना वेळही दिला.

आमच्या इथं वेळ कोण देणार, हा मूळ प्रश्न आहे. आज एमबीबीएसला थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. हजेरी हवीच, उद्या तो माझंच पोट कापणार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण राष्ट्रीय शिबिराला महिनाभर गेलेल्या खेळाडूचं काय करायचं, हे प्रत्येक कॉलेजच्या मर्जीवर का असावं? अभ्यासक्रम पूर्ण करायला नियमानं नऊ वर्षांची मुदत आहे. टी. आओंना आठ लागली. म्हणजे आजच्या नियमातही ते बसले असते! मुदत कागदावर आहे. ती खेळाडूच्या कामाला यावी अशी सोय मात्र कुणी केलेली नाही.

आणि खेळलेला डॉक्टर वेगळा असतो, हे मी अनुभवानं सांगतो. आमच्या पोराचा गुडघा फिरला की दोन प्रकारचे डॉक्टर भेटतात. एक म्हणतो, "खेळ बंद करा." विषय संपला. दुसरा विचारतो, "कुठल्या जागेवर खेळतोस? पाय रोवून वळताना गेला का? पुढची मॅच कधी आहे?" दुसरा कधीतरी स्वतः चिखलात पडलेला असतो. त्याला माहीत असतं की या पोराला नुसतं चालायचं नाही, पळायचंय. असे डॉक्टर प्रत्येक जिल्ह्यात दहा तरी पाहिजेत. आमच्याकडं अजून बर्फ, पट्टी आणि हळदीचा लेप यावर हंगाम निघतात, आणि विशी-बाविशीत गुडघे संपलेली पोरं कठड्यावर बसून मॅच बघतात. हे डॉक्टर येणार कुठून, जर आपण भावी डॉक्टरला तेराव्या वर्षीच मैदानाबाहेर काढत असू?

दुसरी बाजू कोहिमाची. आपल्याकडं सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यानं एक वर्ष सरकारी सेवा द्यायची, असा नियम आहे. दंड भरून सुटका करून घेणारेही होऊन गेले. मी कुणाला नावं ठेवत नाही, तिथल्या सोयी कशा असतात हे मलाही दिसतं. पण ज्या पोराला सहावीपासून एवढंच सांगितलं की तुझ्याशेजारी बसलेल्याच्या पुढं जा, त्यानं गगनबावड्याच्या नाहीतर गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रात आनंदानं राहावं, ही अपेक्षा तरी कशी करायची? अकरा जणांत मिसळून खेळलेलं, हरलेलं, दुसऱ्याच्या चुकीचा गोल स्वतः खाऊन पुन्हा उभं राहिलेलं पोर तिथं जास्त टिकेल असं मला वाटतं. हे सिद्ध करायला माझ्याकडं आकडे नाहीत, पंचवीस वर्षांची पोरं आहेत.

तर माझं म्हणणं थोडक्यात, ज्याच्या त्याच्या वाटणीचं :

पालकांनो, पोराचा खेळ बंद करू नका, कमी करा. सहा दिवसांचा तीन दिवस करा. दोन तासांचा एक तास करा. पण दोर तोडू नका. परीक्षेच्या आधी दोन महिने पूर्ण सुट्टी, कबूल, मी स्वतः घरी पाठवेन. चार वर्षांची सुट्टी म्हणजे निरोप असतो, आणि तो निरोप आहे हे पोराला आधी कळतं, आपल्याला नंतर.

क्लासवाल्यांनो आणि 'इंटिग्रेटेड' कॉलेजवाल्यांनो, तुमच्या जाहिरातीच्या फलकावर रँकवाल्या पोरांचे फोटो असतात. एक बॅच अशी काढा की जिला आठवड्यातून तीन संध्याकाळी मोकळ्या असतील. त्याचीही जाहिरात करा, मी स्वतः शेअर करेन.

तालमींनो आणि मंडळांनो, शाहू स्टेडियमवर आपली ईर्षा जगात भारी आहे. पण आपल्या संघातलं कुठलं पोर बारावीला आहे, कुठलं कॉलेजला आहे, कुणी शिक्षण सोडलं, याची वही आपल्याकडं आहे का? परदेशी खेळाडू आणायला वर्गणी जमते. दोन पोरांच्या फीला का जमू नये? खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवलं होतं. आपल्याला घर ठेवायचं नाही, थोडं लक्ष ठेवायचंय.

आणि सरकारला एवढंच, की राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हजेरीचा, परीक्षा पुढं घेण्याचा, वर्ष विभागून घेण्याचा एक लेखी नियम करा. सगळ्या वैद्यकीय कॉलेजांना सारखा. मार्कांत सूट नको, कुणी मागत नाही. वेळेत सूट द्या.

मुलं डॉक्टर होऊ द्यात, खूप होऊ द्यात, आपल्याला हवेतच. कुणी शेवटी खेळ सोडून डॉक्टर झालंच, तर त्याचाही सत्कार करू, हार मी आणतो. पण सोडण्याआधी त्याला तो खेळ पुरता खेळू दिला होता का, एवढं मात्र त्या दिवशी मी स्टेजवरून विचारणार.

नवीन बॅच जूनच्या पहिल्या सोमवारी सुरू होतेय. सकाळी साडेसहा, शाळेचं मैदान. नववी-दहावीच्या पोरांसाठी आठवड्यातून तीनच दिवस, आणि टेस्टच्या आदल्या दिवशी सुट्टी. मुलींसाठी वेगळी वेळ लागत असेल तर सांगा, तीही काढू. चेंडू माझा, बूट नसले तरी चालेल.